मंगळावरच्या हवेची मालकी

प्रति,
स्पेसएक्स कंपनी,
स्टारबेस, टेक्सास

विषय : मंगळावर राहायला जाणाऱ्यांचे स्वातंत्र्य

स्टारलिंक ही कंपनीची उपग्रहांद्वारे इंटरनेट पुरवणारी सेवा. तिच्या ग्राहकांसाठीच्या अटींमध्ये मंगळाविषयी एक कलम असल्याचे २०२० मध्ये लोकांच्या लक्षात आले. मंगळ हा स्वतंत्र ग्रह आहे, तेथील व्यवहारांवर पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारची सत्ता नाही आणि तेथील तंटे वसाहतीच्या वेळी ठरणाऱ्या स्वशासनाच्या तत्त्वांनी मिटवले जातील, असा त्याचा आशय. इंटरनेटची जोडणी घेताना एका ग्रहाच्या सार्वभौमत्वालाही मान्यता द्यायची, हा प्रकार गमतीचा. पण त्यामागचे मोकळ्या जगण्याचे स्वप्न अनेकांनी मनाशी धरले आहे.

कायद्यापुढे हे कलम टिकणे अवघड आहे. १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला खगोलीय पिंडावर मालकी सांगता येत नाही. स्वप्नाळू मंडळी एवढाच भाग उचलतात. त्याच करारातील सहावे कलम खासगी संस्थांच्या अवकाशातील कामांची जबाबदारी त्यांच्या देशावर टाकते आणि सततची देखरेख बंधनकारक करते. आठव्या कलमाप्रमाणे यान ज्या देशाच्या नोंदवहीत असेल, त्या देशाचा अधिकार यानावर आणि त्यातील माणसांवर राहतो. अमेरिकेत नोंदलेल्या यानातून गेलेला प्रवासी मंगळावर उतरला म्हणून अमेरिकेच्या कायद्यातून सुटत नाही.

निसर्गाची अट त्याहून कडक आहे. मंगळावर वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्या विरळ हवेतही सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरील मॉक्सी या छोट्या उपकरणाने त्यातून ऑक्सिजन काढून दाखवला, ही मोठीच कामगिरी. मात्र २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा चालवून मिळाला एकूण १२२ ग्रॅम; एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. मोठे संयंत्र ही तूट भरून काढू शकेल. ते कोणाच्या मालकीचे असेल आणि कोणाच्या हुकमाने बंद होईल, हे स्टारलिंकच्या कलमात कुठेच नाही.

अमेरिकेला हा प्रश्न नवा नाही. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने कामगारांसाठी देखणे गाव वसवले होते. मंदी आल्यावर कंपनीने मजुरी कापली, घरभाडे मात्र तसेच ठेवले, आणि १८९४ मध्ये देशाची रेल्वे विस्कळीत करणारा संप झाला. त्या गावातून निदान बाहेर पडता येत होते. मंगळावर दाराबाहेर जायला पोशाख हवा, आणि तोही बहुधा कंपनीचाच. खगोलजीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल यांनी नेमका हाच धोका मांडला आहे : जिथे श्वासाची हवा यंत्रातून येते, तिथे हुकूमशाहीला फार कष्ट पडत नाहीत. बंदिस्त जगही हिशेबाबाहेर वागते. ॲरिझोनातील बायोस्फिअर २ मध्ये १९९१ साली आठ माणसे दोन वर्षांसाठी कोंडून घेतली गेली. आतला ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून जवळपास १४ टक्क्यांवर घसरला आणि शेवटी बाहेरून भरावा लागला.

मंगळाला असे ‘बाहेर’ नाही. पृथ्वी-मंगळ प्रवासाची सोयीची संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदाच येते, त्यामुळे राजीनामा दिलेल्या माणसालाही महिनोन्‌महिने कंपनीच्याच हवापाण्यावर राहावे लागेल. अशा स्थितीत ‘वसाहतीच्या वेळी ठरवू’ म्हणणे म्हणजे वाटाघाटीतला एक पक्ष आधीच निःशस्त्र करणे. म्हणून पहिला प्रवासी यानात बसण्याआधीच कंपनीने मंगळाविषयीचे हे कलम मागे घ्यावे आणि त्याऐवजी लेखी हमी द्यावी : कोणत्याही रहिवाशाचे हवापाणी त्याच्या नोकरीवर वा थकबाकीवर अवलंबून राहणार नाही, कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा कंपनीबाहेरचे पंच करतील, आणि पुढच्याच संधीला परतू इच्छिणाऱ्याला यानात जागा नाकारली जाणार नाही.

कळावे.