चोरखिसा

जगातली सर्वांत सुरक्षित जागा कोणती, असे एखाद्या बँकवाल्याला विचारलेत तर तो लॉकर म्हणेल. आमच्या ताईला विचारलेत तर ती म्हणेल, चोरखिसा. हा विश्वास तिला आजीकडून वारशाने मिळाला आहे. आजी काशीयात्रेला गेली होती तेव्हा तिच्या परकराला आतून खिसा होता, आणि त्यातले पैसे पैसुद्धा न हलता परत आले. याचे कारण, वडिलांच्या मते, प्रवासभर तो खिसा आजीलाही सापडला नव्हता.

तर गेल्या वर्षी भाचा जर्मनीला, आखेनला, शिकायला निघाला. ताईने त्याच्या बनियनला आतून खिसे शिवायला घेतले आणि मला विचारले, "पाच हजार युरो बसतील का रे यात?"

मी बी. कॉम., त्यातून वीस वर्षे बँकेत, त्यातली नऊ परकीय चलनाच्या टेबलावर. आणि सख्खी बहीण मला प्रश्न विचारते तो शिंप्याला विचारावा तसा!

माझे भांडण आहे ते या खिशाशी. त्यातही त्याच्या नावातल्या पहिल्या शब्दाशी. पैसा तुमचा. घाम गाळून मिळवलेला, वर इन्कम टॅक्स भरलेला. मग तो चोरासारखा का न्यायचा?

एक काळ होता, मान्य आहे. १९७० च्या सुमाराला परदेशी जाणाऱ्या माणसाच्या हातावर आठ डॉलर टेकवत. आठ! पुढे १९७३ चा फेरा कायदा आला, आणि त्या कायद्यापुढे डॉलर बाळगणारा म्हणजे गुन्हेगारच. तेव्हा लोकांनी चकलीच्या डब्याच्या तळाशी नोटा नेल्या असतील तर मी त्यांना हसणार नाही. पण फेरा जाऊन जून २००० पासून फेमा आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने तुम्हाआम्हाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. ती वाढत वाढत आज २,५०,००० डॉलर झाली आहे. आमच्या सोसायटीच्या तिन्ही विंग गहाण टाकल्या तरी एवढे निघतील की नाही, शंका आहे. म्हणजे सरकारने दार सताड उघडून ठेवले आहे, आणि आम्ही आपले अजून पन्हाळीवरून चढतो आहोत.

ताईला मी म्हटले, "अगं, एका खेपेला तीन हजार डॉलरच्या मोलाच्याच नोटा नेता येतात. बाकीचे फॉरेक्स कार्डावर घाल, नाहीतर बँकेतून पाठव. युरोपात उतरताना दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर तिथल्या कस्टमला सांगायचं. सांगायचं फक्त. सांगून नेलं तर कुणी काही म्हणत नाही. बनियनमध्ये सापडलं तर मात्र ते खिसे मायेने शिवलेत, हे जर्मन भाषेत समजावत बसावं लागेल त्याला."

पण पाच हजार युरो आणणार कुठून, हे मी विचारले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. ती होती आमच्या सोसायटीतल्या अण्णांची. प्रत्येक सोसायटीत असे एक अण्णा असतात. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट कोराच असतो, पण फ्रँकफर्टच्या विमानतळावर चहा कुठे चांगला मिळतो ते त्यांना ठाऊक असते.

"बँकेत कशाला जाता?" अण्णा ताईला म्हणाले होते, "माझ्या ओळखीचा माणूस आहे. इथे रुपये द्या, तिथे पोराच्या हातात युरो. नोटा पाहिजेत तर नोटा. ना फॉर्म, ना पॅन कार्ड. दर बँकेपेक्षा बरा."

मी तिथेच उठलो. ना फॉर्म म्हणजे ना पावती. उद्या त्या माणसाने हात वर केले तर ताई फिर्याद कुणाकडे करणार? फिर्याद म्हणजे कबुलीच! फेमाखाली दंड होतो तो रकमेच्या तिपटीपर्यंत. आणि तिकडे पोराच्या हाती येणारे युरो कुणाला फसवून आलेले असले, तर चौकशी अण्णांची होणार नाही, पोराची होईल. खाते गोठेल, व्हिसा अडचणीत येईल. शेकड्यामागे रुपया-दोन रुपये वाचवण्यासाठी पोराचे शिक्षण डावावर लावायचे, याला व्यवहारज्ञान म्हणतात आमच्याकडे.

ताई ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "आणि तुमच्या बँकेने काय केलं रे?"

इथे मला खाली बसावे लागले. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी बहुतेक मुले वर्षाचा खर्च आधीच एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. पैसे आपलेच, पण हातात पडतात महिन्याला ९९२; जुन्या सासूच्या कमरेला किल्ल्या असत तसा प्रकार. ताईने आमच्याच बँकेतून ११,९०४ बरोब्बर पाठवले. पोचले कमी. कारण वाटेत एक मधली बँक लागते, आणि तिने टोलनाका लावला. सगळा खर्च पाठवणाऱ्याच्या माथी टाका, असे फॉर्मवर लिहिता येते. तो रकाना तिला कुणी दाखवला नव्हता. कुणी म्हणजे, त्या दिवशी टेबलावर असलेल्या माणसाने. (त्या दिवशी टेबलावर कोण होते, हे इथे महत्त्वाचे नाही.)

बोललोच आहे तर आमचेही सांगून टाकतो. "कमिशन नाही" अशी पाटी दिसली की समजा, कमिशन दरात आहे. दर किती, फी किती, असले प्रश्न विचारूच नका. एकच विचारा: तिकडच्या खात्यात इतके युरो पडायला माझे एकूण रुपये किती जाणार? हा प्रश्न दोन-तीन ठिकाणी विचारा आणि आमच्या लोकांचे चेहरे पाहा. दहा लाखांपुढे टीसीएस लागू शकतो, तो मात्र आम्ही खात नाही. रिटर्न भरताना वळता होतो. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढून पाठवलेत तर तोही नाही. हे अण्णांना ठाऊक नसते, कारण हे फुकट कळते.

शेवटी तह झाला. कार्ड घेतले, बाकीचे बँकेतून गेले, अण्णांचा माणूस बाद झाला. फक्त तीनशे युरो, रीतसर पावतीचे, बनियनच्या खिशात गेले आणि वरून टाके घातले गेले. एवढे मी सोडून दिले. आईच आहे ती.

पोरगा रविवारी पोचला. दुकाने बंद. उघडी एकच बेकरी, तिथे कार्ड चालेना, रोख मागत होते. तो स्टेशनच्या स्वच्छतागृहाकडे धावला, टाके उसवायला. दारात अडसर, आणि आत जायला नाणे टाकायचे!

"मामा," तो फोनवर सांगत होता, "पैसे अंगावर होते, पण पैसे काढायला जायला पैसे नव्हते." कुणी एका म्हाताऱ्याने अखेर नाणे टाकून त्याला आत सोडले.

मी विजयी मुद्रेने ताईकडे पाहिले. ती सुईत दोरा ओवत होती.

"चिल्लरीसाठी बाहेरून एक खिसा हवा होता," ती म्हणाली.