मेलेला माणूस कुणाच्या हद्दीत येतो?

रात्री साडेअकराला फोन आला. आमच्या वस्तीतल्या एका पोराला महामार्गावर डंपरने उडवले होते. वय बावीस. गाळ्यात पॅकिंगचे काम करायचा आणि ओव्हरटाइम संपवून सायकलने घरी निघाला होता. महामार्ग पोलिसांची गाडी आली, त्यांनी सायकल बाजूला केली आणि एका टेम्पोतून त्याला रुग्णालयात पाठवले. पोचेपर्यंत पोरगा गेला होता. इथपर्यंत मला कुणाबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या सात तासांबद्दल आहे.

त्याच्या वहिनीला घेऊन मी पहिल्या ठाण्यात गेले. ठाणे अंमलदाराने विचारले, "जागा पुलाच्या अलीकडे की पलीकडे?" पलीकडे म्हटल्यावर त्याने शेजारच्या ठाण्याचे नाव सांगितले. शेजारच्या ठाण्याने सांगितले, "बॉडी तर त्यांच्या हद्दीतल्या दवाखान्यात आहे, कागद तेच करतील. आणि घटनास्थळी महामार्गवाले होते ना, त्यांनी काय नोंद केली ते आधी आणा." महामार्ग पोलिसांना फोन लावला तर उत्तर आले की गुन्हा नोंदवणे आमच्याकडे नसते, ठाण्यात जा. वहिनी आधार कार्ड हातात धरून दोन ठाण्यांच्या मधे उभी होती. पंचनामा उजाडल्यावर झाला. तोवर डंपर गेला, रस्ता धुतला गेला आणि समोरच्या पेट्रोल पंपावरचा माणूस ड्युटी संपवून घरी गेला.

त्या ठाण्यातल्या एका हवालदाराने मला बाजूला घेऊन सांगितले, "ताई, रात्रीला आम्ही चार जण आहोत. दोघे बंदोबस्ताला, एक आरोपीबरोबर दवाखान्यात. मी इथून उठलो तर ठाणे कुणाच्या भरवशावर सोडू?" तो खोटे बोलत नव्हता. म्हणूनच हा लेख लिहिते आहे. तो खोटे बोलत असता तर एक तक्रार अर्ज पुरला असता.

एक रस्ता, तीन वर्दी

मित्रांनो, आपल्या शहराच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. वर्सोवा पूल ओलांडला की ससूनवघर, मालजीपाडा, बापाणे, चिंचोटी, सातिवली, पेल्हार, शिरसाड, खानिवडे. या रस्त्याच्या दोन्ही अंगाला कारखाने, गोदामे, चाळी आणि आदिवासी पाडे आहेत. कामाला जायचे असो, पाणी आणायचे असो की पोराला शाळेत सोडायचे असो, माणसाला हा रस्ता ओलांडावा लागतो.

या एका रस्त्यावर पोलिसांच्या तीन यंत्रणा आहेत. पहिली महामार्ग पोलीस. त्यांचे केंद्र चिंचोटीला आहे, पण वरिष्ठ मुंबईत, अपर पोलीस महासंचालक (वाहतूक). दुसरी मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाची वाहतूक शाखा. तिसरी वालीव, पेल्हार, मांडवी, नायगाव यांसारखी पोलीस ठाणी. ती त्याच आयुक्तालयाची, पण वाहतूक शाखेचे त्यांच्यावर चालत नाही. आणखी उत्तरेला गेले की पालघरच्या पोलीस अधीक्षकांची हद्द लागते.

गस्त, वेग, चुकीच्या बाजूने येणारी गाडी आणि अपघातानंतर रस्ता मोकळा करणे हे काम महामार्ग पोलिसांचे. गुन्हा, पंचनामा, शवविच्छेदनाचे कागद, आरोपीचा शोध आणि न्यायालय हे सारे ठाण्याचे. कोंडी झाली की वाहतूक शाखेचे. कागदावर विभागणी नीट दिसते. रस्त्यावर मात्र अपघात एकच असतो आणि तो एका वेळी तिघांचेही काम वाढवतो. जो आधी पोचतो त्याच्या गळ्यात ते पडते, म्हणून आधी पोचण्यात कुणाचाच फायदा नसतो. महामार्ग पोलीस म्हणतात, आम्ही तासभर जखमींजवळ थांबतो, ठाण्याचा माणूस येत नाही. ठाणे म्हणते, हे पावत्या फाडतात आणि मढे आमच्यावर टाकतात. वाहतूक शाखा म्हणते, महामार्ग आमचा नाही, पण शिव्या आम्हीच खातो. तिघेही आपापल्या जागी खरे बोलतात आणि माणूस रस्त्यावर पडून राहतो.

आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाले. ठाणे ग्रामीण आणि पालघर अशा दोन जिल्ह्यांच्या पोलीस दलांचे तुकडे जोडून ते झाले. २०११ च्या जनगणनेत एकट्या वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आणि त्यानंतर पूर्वेला किती चाळी उभ्या राहिल्या ते तुम्ही रोज बघता. नवी ठाणी झाली, नव्या पाट्या लागल्या. ठाणे वाढले की हद्दही वाढते आणि हद्दीवरचे वादही वाढतात. पाटीबरोबर माणसे आली नाहीत तर लोकांच्या वाट्याला फक्त वाद येतो.

कायद्यात हद्दीला जागा नाही

आता कायदा बघू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. हीच झिरो एफआयआर. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ६६ रस्त्यावरच्या असहाय माणसाला शक्य ती सर्व मदत करणे हे प्रत्येक पोलिसाचे कर्तव्य ठरवते. प्रत्येक पोलिसाचे. त्या कलमात पुलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा असा भेद नाही.

१९८९ चा परमानंद कटारा खटला आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. स्कूटरवरच्या एका जखमीला रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही. ही पोलीस केस आहे, ती घेणारे रुग्णालय वीस किलोमीटरवर आहे, तिकडे न्या, असे सांगितले. माणूस वाटेत मेला. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आधी जीव, कागद नंतर. डॉक्टरांचा "ही केस आमची नाही" हा बहाणा तेव्हा संपला. पोलिसांचा तोच बहाणा आजही चालू आहे, फरक इतकाच की आता माणूस मेल्यावर तो सांगितला जातो.

मेल्यावर काय बिघडते, असे कुणाला वाटेल. सगळे तिथेच बिघडते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. १० दिवसांत पीडितांना त्यांचे हक्क सांगणारा नमुना द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ ला गोहर मोहम्मद खटल्यात सांगितले की यासाठी पोलीस ठाण्यांत किंवा निदान शहर पातळीवर खास पथक नेमा. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रन योजनेत मृताच्या कुटुंबाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये आहेत. ५ मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची योजना आहे. या सगळ्याची किल्ली एकच: पोलिसांची नोंद. नोंद लटकली की कुटुंबाचा दावा लटकतो. २०१९ च्या दुरुस्तीने तर दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत घातली. तिला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण ज्या आईला अर्ज कुठे करायचा हेच कुणी सांगितले नाही तिच्यासाठी सहा महिने म्हणजे दोन पावसांमधले दिवस.

मनुष्यबळ नाही, हे कुणी ठरवले?

"माणसे कमी आहेत" हे खरे आहे. देशभरात पोलिसांच्या मंजूर पदांपैकी साधारण पाचवा हिस्सा रिकामा असतो. पण टंचाई आभाळातून पडत नाही. पद रिकामे ठेवणे हा सरकारचा निर्णय असतो, आणि रिकाम्या पदांमध्ये आपला आरक्षणाचा अनुशेषही असतो. जुलै २०२३ मध्ये मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून तीन हजार माणसे कंत्राटी पद्धतीने घ्यायचे ठरले. कायम भरती थांबवायची, कंत्राटी माणूस आणायचा आणि त्या वाटेने आरक्षण पातळ करायचे, ही चाल आपण शिक्षक भरतीत पाहिली, सफाई कामगारांत पाहिली. म्हणून पोलीस भरतीची मागणी ही मैदानावर धावणाऱ्या पोरांपुरती मागणी नाही. ती महामार्गावर मरणाऱ्या माणसाचीही मागणी आहे.

आणि त्या हवालदाराबद्दल. बाबासाहेब मजूर मंत्री असताना कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले. ऐंशी वर्षे होत आली. पोलीस शिपाई आजही बारा-बारा तास उभा असतो. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, म्हणजे ते करता येते. त्या शिपायात आपलाच भाऊ असतो. त्याला शत्रू मानून आपल्याला काही मिळणार नाही. पण त्याच्या थकव्याची किंमत मेलेल्याच्या घरच्यांनी का भरायची? वरिष्ठांनी तीन यंत्रणांमधला वाद मिटवायचा सोडून तो खाली ढकलला. खाली शिपाई उभा आहे आणि त्याच्याही खाली ती वहिनी. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले त्यात प्रत्येक पायरीला आपल्याखाली कुणीतरी मिळते. ही उतरंड तशीच आहे.

वरची पायरी कशी असते तेही याच रस्त्याने दाखवले आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला याच महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे तज्ज्ञ आले, न्यायवैद्यक तपासणी झाली, रस्त्याची रचना तपासली गेली, नोव्हेंबरमध्ये गुन्हा दाखल झाला आणि मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा संसदेपासून शाळेपर्यंत पोचली. हे सगळे योग्यच झाले. प्रत्येक माणसासाठी असेच व्हायला हवे. त्यातून इतके सिद्ध झाले की याच पालघर जिल्ह्यात, याच अपुऱ्या मनुष्यबळात तपास करता येतो. मग २०२५ च्या जुलै अखेरीस पालघरहून मुंबईला नेत असलेली जखमी बाई कोंडीत अडकून वाटेत दगावली, सप्टेंबरमध्ये असेच एक तान्हे बाळ गेले, तेव्हा कुणी विचारले का की त्या दिवशी कोंडी फोडण्याची जबाबदारी तिघांपैकी कुणाची होती?

"यात जातीचा काय संबंध?"

हा प्रश्न आपलेच लोक विचारतात. सरकारचा रस्ते अपघातांचा वार्षिक अहवाल मृतांची जात लिहीत नाही. पण तो कोण मेले हे सांगतो. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारी होती. रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्ग दोन टक्क्यांच्या आसपास, आणि ३६ टक्के मृत्यू तिथे. आता पहाटे सहाला सातिवली किंवा पेल्हारला उभे राहा आणि महामार्ग पायी कोण ओलांडते ते डोळ्यांनी बघा. मराठवाड्यातून आलेला आपला माणूस, पाड्यावरची आदिवासी बाई, उत्तर प्रदेशचा मुसलमान कारागीर. जातीचा संबंध शोधायला आकडा लागत नाही.

आपल्या चळवळीलाही मला सुनवायचे आहे. पुतळ्याची विटंबना झाली की आपण तासाभरात रस्त्यावर असतो, असलेच पाहिजे. पण वस्तीतला पोरगा महामार्गावर मेला की आपण काय म्हणतो? "नशीब." बौद्धाच्या घरात हा शब्द कसा येतो? बुद्धाने प्रत्येक गोष्टीला कारण असते असे शिकवले. कारण हटवले की परिणाम हटतो. दिवा नसलेला दुभाजक हे कारण आहे. पादचारी पूल नसणे हे कारण आहे. तीन यंत्रणांचा वाद हे कारण आहे. नशीब म्हटले की ही सगळी कारणे निर्दोष सुटतात.

काय मागायचे, काय करायचे

मागणी सरळ आहे. वर्सोवा पूल ते खानिवडे या पट्ट्यासाठी महामार्ग पोलीस आणि आयुक्तालयाने एकच लेखी कार्यपद्धती जाहीर करावी: जो आधी पोचेल तो जखमी, जागा आणि साक्षीदार सांभाळेल, आणि ठाण्याचा माणूस ठरलेल्या मिनिटांत येईल. हद्दीचा वाद असेल तर सर्वांत जवळचे ठाणे गुन्हा नोंदवेल, नंतर वर्ग करेल. अपघात दाव्यांचे पथक नेमून त्याचा फोन नंबर प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे न मागता जाहीर करावे, आणि ती पदे कायम भरतीने, अनुशेषासह भरावीत.

आणि आपण? प्रत्येक विहारात दोन पोरे अशी तयार करा ज्यांना वरची कलमे तोंडपाठ आहेत. रात्री फोन आला तर ठाण्यात भांडायला नको, "झिरो एफआयआर घ्या, कलम १७३" असे लेखी द्या आणि पोच घ्या. घटनास्थळाचे फोटो तिथल्या तिथे काढा. तिसऱ्या दिवशी पहिला अहवाल न्यायाधिकरणाला गेला का ते विचारा. जखमीला उचलताना घाबरू नका, मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

त्या पोराचा गुन्हा शेवटी नोंदला गेला, अज्ञात वाहनाविरुद्ध. कागद तयार करायला आम्हाला चार महिने लागले. त्याची आई परवा विहारात भेटली. तिने पैशांचे काही विचारले नाही. विचारले ते एवढेच: "ताई, माझा पोरगा नक्की कुणाच्या हद्दीत मेला ते कळलं का?"

तो संविधानाच्या हद्दीत मेला, आई. ती हद्द आम्हाला सांभाळता आली नाही.

जय भीम! जय संविधान!