स्वस्त, पण हलके नाही

मुलांनो, स्वस्त वस्तू हलकीच असते, असे तुम्हांला वाटते का? मला तसे वाटत नाही. 'वर्ल्ड ऑफ गू' हा संगणकावरचा खेळ पाहा. काइल गॅब्लर आणि रॉन कारमेल यांनी तो २००८ साली आणला. चिकट गोळे एकमेकांना जोडून पूल व मनोरे उभारायचे, अशी त्याची गंमत आहे. वर्षभराने त्यांनी काही दिवस तो 'हवी ती किंमत द्या' असे सांगून विकला. पुष्कळांनी फक्त एक सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग दिला!

स्वस्त मिळाले तर जरूर घ्या. खिशात पैसे कमी असणे हा दोष नाही. पण परवडत असताना दुसऱ्याच्या कष्टांचे मोल न देणे, हे मला योग्य वाटत नाही. तुम्ही किती दिले असते?