पुरानंतरचा तिसरा महिना

पूर ओसरल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात काय केले गेले यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. अन्नाची पाकिटे, पांघरुणे, वैद्यकीय शिबिरे, मंत्र्यांची पाहणी, अनुदानाची घोषणा या सर्वांची छायाचित्रे निघतात व ती योग्यही आहेत. परंतु शहराची खरी परीक्षा त्यानंतर, साधारणतः तिसऱ्या महिन्यात सुरू होते असे माझे मत आहे. तोपर्यंत छायाचित्रकार परतलेले असतात आणि रुग्ण यावयास लागलेले असतात. हैदराबादेत अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसाच्या नात्याने या विषयावरील काही विचार स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

या शहरातील वैद्यकाचा इतिहास आणि मुसीच्या पुराचा इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीने शहर बुडविले तेव्हा नदीकाठचे अफजलगंज रुग्णालय त्यात कोसळले. क्लोरोफॉर्म कमिशनच्या कामामुळे ज्याचे नाव वैद्यकाच्या इतिहासात गेले तेच हे रुग्णालय. त्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभे आहे. आपल्यापैकी ज्यांनी उस्मानियात शिक्षण घेतले त्यांनी त्याच्या सावलीत चहा घेतला असेल. पण त्या झाडाखाली उभे राहून नदीकडे पाहिल्याशिवाय पाणी किती उंच चढले होते याची कल्पना येत नाही.

त्या वेळी शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस झाला. मुसीच्या खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ तलाव फुटले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळे आणि तोही फुटे. सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली, एकोणीस हजार घरे पडली आणि ऐंशी हजारांच्या आसपास लोक निराश्रित झाले. अफजल पूल, मुसल्लमजंग पूल, चादरघाट पूल हे सारे निकामी झाले. १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी राजवाड्याचे दरवाजे निराश्रितांसाठी उघडले आणि ठिकठिकाणी अन्नछत्रे सुरू करविली. ती दयाबुद्धी हैदराबादची जुनी माणसे अजूनही सांगतात.

मला मात्र त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे वाटते. मुंबई इलाख्याच्या सेवेत राहून पुण्यात दीर्घकाळ काम केलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्याला परिचित असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना सल्ल्यासाठी बोलावणे गेले. ते एप्रिल १९०९ मध्ये हैदराबादेत आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचा अहवाल तयार झाला. पाऊस किती पडला, तलाव का फुटले, नदीतून किती पाणी वाहिले याचा हिशेब त्यांनी आधी मांडला आणि मग शहराच्या वरच्या अंगाला मुसी व ईसी या नद्यांवर दोन जलाशय बांधण्याचा उपाय सांगितला. निदानाआधी औषध लिहू नये हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. येथे तो क्रम पाळला गेला होता. महबूब अली खान १९११ मध्ये वारले, तरीही काम थांबले नाही. १९१२ मध्ये नगरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. उस्मान सागर १९२० मध्ये पूर्ण झाला आणि हिमायत सागर १९२७ मध्ये. मुसीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची नवी वास्तू १९२५ च्या सुमारास उभी राहिली. आपत्ती १९०८ ची आणि उपचार संपला १९२७ मध्ये! एकोणीस वर्षे एकच प्रश्न कोणाच्या तरी टेबलावर राहिला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हा पाठपुरावा होता, आणि आजच्या नागरी कारभारात तोच दुर्मिळ झाला आहे.

यावरून जुन्या राजवटीची भलावण करावयाची असा माझा हेतू नाही. त्या नगरसुधारणा मंडळाने पत्थरगट्टीसारखे देखणे रस्ते दिले, पण ज्यांच्या दाट वस्त्या उठवून ते रस्ते झाले त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांच्या हाती मतही नव्हते. आज मत आहे. प्रश्न असा आहे की मत असूनही नदीकाठच्या माणसाचा प्रश्न एकोणीस वर्षे तर सोडाच, एकोणीस आठवडे तरी कोणाच्या टेबलावर राहतो काय?

ऑक्टोबर २०२० चे उदाहरण घेऊ. बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचे क्षेत्र १३ ऑक्टोबरच्या सकाळी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणात शिरले. (तेच पुढे सोलापूर-पंढरपूरकडे गेले आणि तेथेही हाहाकार उडाला, त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांना दोन्हीकडच्या नातेवाइकांची चौकशी करावी लागली.) हैदराबाद शहरात चोवीस तासांत सुमारे १९ सेंटिमीटर आणि घटकेसरला ३२ सेंटिमीटर पाऊस झाला. शहरात तीसहून अधिक माणसे दगावली. या वेळी आघात मुख्यतः नाल्यांकडून आणि शहरातील तलावांकडून झाला. विश्वेश्वरय्यांचे दोन्ही जलाशय वरच्या अंगाला आहेत. त्यांच्या खाली, खुद्द शहरावर आणि शहराच्या पूर्वेस कोसळणारा पाऊस ते अडवू शकत नाहीत. गुर्रम चेरुवु, पल्ले चेरुवु या तलावांखालच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि टोलीचौकीच्या नदीम कॉलनीत ते कित्येक दिवस उतरले नाही. म्हणजे १९०८ चे औषध चांगले होते, परंतु आजार बदलला होता. आणि हे निदान नवीनही नव्हते. ऑगस्ट २००० मध्ये बेगमपेटेत एका दिवसात २४ सेंटिमीटर पाऊस होऊन हुसेन सागरालगतच्या वस्त्या बुडाल्या, त्यानंतर शासनाने पुण्याच्या किर्लोस्कर कन्सल्टंट्सकडून पावसाळी नाल्यांचा अभ्यास करून घेतला होता. तो अहवाल २००३ सालचा. २००७ मध्ये भोवतालच्या बारा नगरपालिका विलीन होऊन बृहन् हैदराबाद महानगरपालिका झाली. शहर वाढत गेले, नाले अरुंद होत गेले आणि अहवाल कपाटात राहिला. नाला विकासाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला तो २०२१ मध्ये, म्हणजे पुन्हा एकदा बुडाल्यानंतर.

पुनर्वसनाचे काय झाले तेही पाहू. राज्य शासनाने १९ ऑक्टोबर २०२० रोजी प्रत्येक पूरग्रस्त कुटुंबास दहा हजार रुपये जाहीर केले. घर पडलेल्यांसाठी रक्कम अधिक होती. वाटप सुरू झाले, पण यादीत कोण आणि कोणी घातले यावरून गल्लोगल्ली तक्रारी झाल्या. पुढे मी-सेवा केंद्रांवर अर्ज घेणे सुरू झाले आणि करोनाच्या त्या दिवसांत केंद्रांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. १७ नोव्हेंबरला महानगरपालिका निवडणुकीची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य निवडणूक आयोगाने वाटप थांबविले. १ डिसेंबरला मतदान झाले. कोणाच्याही हेतूंविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मला दिसले ते एवढेच की ज्या स्थानिक संस्थेने या काळात घरोघर जावयास हवे होते ती ऐन वेळी निवडणुकीत गुंतली होती, आणि पूरग्रस्ताची ओळख 'अर्जदार' एवढीच उरली होती.

त्या डिसेंबरात माझ्याकडे एक शिंपी आले. वय पन्नाशीचे, मधुमेह जुना, घर तळमजल्यावर. पुराच्या पाण्यातून चालताना पायाला काहीतरी लागले होते. शिवणयंत्र पाण्यात गेले होते, म्हणून मिळालेले दहा हजार त्यांनी प्रथम यंत्रात घातले. कर्त्या माणसाचा तो निर्णय मला चूक वाटत नाही. इन्शुलिन फ्रिजसह गेले होते, जुने केसपेपर लगदा झाले होते आणि शिबिरात मिळालेल्या गोळ्या पाच दिवसांच्या होत्या. "डॉक्टरसाब, वो दवा तो खतम हो गई, फिर कोई आया नहीं," ते म्हणाले. जानेवारीत त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. पुराच्या कोणत्याही नोंदवहीत ही दोन बोटे नाहीत. लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू यांची निदान गणना तरी होते. परंतु खंडित झालेले उपचार, चुकलेले डायलिसिस, बंद पडलेली फिटची गोळी, भिंतीच्या ओलीने वाढलेला दमा हे पुराच्या खात्यावर कोणी लिहीत नाही. ज्याची नोंद नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस कोकणावर आदळले. श्रीवर्धनकडच्या बागायतदारांच्या भरपाईबद्दल पुष्कळ ओरड झाली व ती रास्तच होती. तरीही तेथे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बागेत उभे राहून पंचनामे करीत होते आणि पुढे नारळ-सुपारीची मदत झाडागणिक देण्याचा निर्णय झाला. गावात झाड मोजणारा माणूस आहे आणि त्याला झाडाचा मालक ठाऊक आहे. आपल्या महानगरात माणूस मोजणारा कोण? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या, त्याला १९९३ पासून आता तीन दशके उलटली. आपल्या प्रभागाच्या समितीची बैठक कधी झाली, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

यावर आपले काही व्यवसायबंधू म्हणतात की हा राजकारणाचा प्रांत आहे, आपण शिबिरे घ्यावीत आणि आपल्या दवाखान्यात बसावे. मला हे पटत नाही. जुलै २०२० मध्ये उस्मानियाच्या जुन्या इमारतीत पावसाचे पाणी थेट रुग्णकक्षांत शिरले आणि इमारत रिकामी करावी लागली. नव्या इमारतीची पायाभरणी गोशामहलला झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. साडेचार वर्षांचा हा काळ रुग्णांनी आणि निवासी डॉक्टरांनी कसा काढला हा राजकारणाचा प्रश्न असेल, तर तो आपलाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही सागरांचे दरवाजे उघडल्यावर मुसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले आणि प्रवासी अडकून पडले. तिथी जवळजवळ तीच, नदी तीच.

शिबिरांविषयी मी थोडे स्पष्टच लिहितो. एका दिवसात चारशे रुग्ण तपासले असे वार्षिक अहवालात छापणे सोपे असते. त्या चारशेंपैकी महिनाभराने कोणाचा रक्तदाब किती होता हे आपल्याला ठाऊक नसते. आपल्या मंडळाने विखुरलेली दहा शिबिरे घेण्यापेक्षा एक वस्ती निवडावी आणि पाऊस येण्यापूर्वी, मे महिन्यातच, तेथील बस्ती दवाखान्याच्या साहाय्याने एक वही करावी. २०१८ पासून सुरू झालेले हे बस्ती दवाखाने ही या शहरातील खरोखर उपयोगी व्यवस्था आहे. वहीत तळमजल्यावर कोण राहतो, इन्शुलिन कोणाला लागते, डायलिसिसला कोण जातो, कोण गरोदर आहे, कोण अंथरुणाला खिळलेला आहे, एवढेच लिहावे. एक प्रत दवाखान्यात आणि एक प्रभाग कार्यालयात, दोन्ही वरच्या मजल्यावर! प्रत्येकाच्या औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात त्याच्या घरी द्यावी. नावे गोपनीय राहतील याची लेखी हमी प्रभाग कार्यालयाकडून घ्यावी, कारण अशा याद्यांचा निवडणुकीत कसा उपयोग होतो हे आपण जाणतो. आणि पूर आला तर पहिल्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात व तिसऱ्या महिन्यात तीच वही उघडून त्याच घरांत जावे.

याला खर्च फार नाही, वेळ मात्र लागेल. आठ-दहा डॉक्टरांनी महिन्याची एक सकाळ दिली तरी दोनशे घरांची वस्ती सांभाळता येईल असा माझा अंदाज आहे. तेलुगू आणि दख्खनी बोलणारे तरुण सभासद आता आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनी पुढाकार घ्यावा. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत हा विषय चर्चेला घ्यावा अशी विनंती मी अध्यक्षांना करीत आहे. वस्ती कोणती हे ठरविताना चादरघाटच्या खालच्या अंगाची, नदीला अगदी लागून असलेली एखादी वस्ती प्रथम पाहावी, कारण दरवाजे उघडल्याची घोषणा तेथे पाण्याच्या मागून पोहोचते.