खजराना चौकाचे पान

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2018 मध्ये इंदूर मेट्रोला मंजुरी दिली, तेव्हा आराखड्यात 31.55 किलोमीटरचे वर्तुळ होते आणि खर्चाचा अंदाज 7,500.80 कोटी रुपये. 31 मे 2025 रोजी गांधीनगरकडचा सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. हा टप्पा सुपर कॉरिडॉरवरचा; रस्ता रुंद, वस्ती विरळ. तिथे काम निभावले. कसोटी आता शहराच्या दाट वस्तीत, खजरान्यापासून पुढे आहे.

मूळ आराखड्यात खजराना, बंगाली चौक, पलासिया हा भाग खांबांवरून जाणार होता. व्यापारी, रहिवासी आणि लोकप्रतिनिधींनी हरकती घेतल्या, महिनोन्महिने खल झाला आणि 2025 मध्ये राज्य सरकारने खजरान्यापासूनच भुयार करायचे ठरवले. शेकडो कोटींचा वाढीव खर्चही पत्करला. निर्णय योग्य की अयोग्य, यावर मते वेगळी असू शकतात. पण ज्याचे दुकान चौकात आहे, त्याला या सगळ्या काळात आपल्या दारापुढे काय ठरते आहे हे एका जागी, तारखेनिशी वाचायला मिळायला हवे होते. लोकसंपर्काचे संकेतस्थळ असते ते यासाठी.

आपल्याकडे मात्र अशा संकेतस्थळाची बांधणी उलट्या टोकाने होते. आधी अध्यक्षांचा संदेश, मग उद्घाटनाची छायाचित्रे, निविदा आणि शेवटी कुठेतरी नकाशा, तोही मोबाइलवर उघडता उघडत नाही अशा जड पीडीएफमध्ये. ही संकेतस्थळे कंत्राटदारांसाठी असतात. नागरिक प्रकल्पाचे नाव घेऊन येत नाही, तो आपल्या चौकाचे नाव घेऊन येतो. म्हणून एकेका चौकाला स्वतंत्र पान हवे.

खजराना चौकाचे पान कसे असावे? वर आजची स्थिती: बॅरिकेड कुठून कुठवर, किती दिवस, वाहतूक कुठून वळवली, सिटी बसचा थांबा कुठे हलला. त्याखाली मार्गाचा नकाशा, तारीख घालून. आणि जुना नकाशा काढून न टाकता शेजारीच, तो का बदलला याच्या दोन ओळींसह. मग घराचा प्रश्न. भुयार खणण्यापूर्वी मार्गावरच्या इमारतींची पाहणी होते, असलेल्या भेगांची नोंद घेतली जाते. आपल्या घराची पाहणी झाली का, अहवालाची प्रत कुठे मिळेल, उद्या भिंतीला तडा गेला तर कोणाला फोन करायचा, हे इथेच दिसले पाहिजे. तक्रारीला क्रमांक हवा आणि त्या क्रमांकावर उत्तर काय मिळाले तेही उघड हवे, तक्रारदाराचे नाव झाकून.

हे उपकार नव्हेत. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये प्रसिद्ध करावीत, आणि स्थानिक भाषेचा विचार व्हावा. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेच्या यादीत मेट्रो रेल्वे नाही, त्यामुळे तिथली सक्तीची जनसुनावणी या प्रकल्पांना लागू होत नाही. सुनावणीच नसेल, तर संकेतस्थळाची जबाबदारी वाढते.

मुंबईचा अनुभव समोर आहे. मेट्रो-3 च्या रात्रीच्या कामाचा आवाज सोसेनासा झाला, तेव्हा कफ परेडचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट 2017 मध्ये न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा काम थांबवले. भुयाराचे काम रात्री करावे लागते, हे अभियंत्यांना कळते. कोणत्या रात्री, किती आवाज आणि कशासाठी, हे शेजाऱ्याला आगाऊ कळले पाहिजे. लंडनच्या क्रॉसरेलने बांधकामाच्या काळात चोवीस तास चालणारा मदतकक्ष ठेवला होता. आपल्याकडे फोन उचलणारा माणूसच अनेकदा संकेतस्थळाच्या अंदाजपत्रकात नसतो.

खजरान्यात एकाच पडद्यावर भागणारही नाही. इथे गणपतीचे देऊळ आहे, नाहरशाह वलींचा दर्गा आहे, दाट वस्ती आहे. हिंदीबरोबर उर्दू पान हवे; वाचता न येणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रण हवे. दर आठवड्याला त्या पानाची एक छापील प्रत देवळाच्या आवारात, दर्ग्यापाशी आणि झोन कार्यालयात लागावी. बुधवारी दर्शनाला गर्दी होते, तिळी चतुर्थीला जत्रा भरते. वाहतूक वळवण्याचे वेळापत्रक या दिवसांना धरूनच आखायचे, हे प्रकल्प कार्यालयाला ठाऊक हवे आणि ते पानावर दिसायला हवे.

एक गोष्ट आग्रहाने. हे पान रोज अद्ययावत ठेवण्याचा अधिकार चौकात उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंत्याला द्या. बॅरिकेड हलवल्याची एक ओळ मंजुरीसाठी भोपाळपर्यंत गेली, तर ती परत येईस्तोवर बॅरिकेड पुन्हा हललेले असते. मजकुराचा साचा, छायाचित्राची जागा, तारखेचा रकाना आधीच ठरवून दिला, तर त्याला मोबाइलवरून हे काम दहा मिनिटांत करता येईल. निविदेच्या अटींमध्ये ही तरतूद भुयाराचे यंत्र जमिनीत उतरण्याच्या आधी यायला हवी.