बिनडोक खरेदी

डोकं नसलेल्या माणसांना आमच्या कारंजा लाडमध्ये कुणी हटकत नाही. काहींना तर सभांचं अध्यक्षपदही मिळतं. पण माझ्या भाच्यानं डोकं नसलेली गिटार घ्यायचं ठरवलं आणि अख्ख्या आळीची झोप उडाली.

गिटार बेस, चार तारांची. अकोल्याच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातली. पैसे भाच्याचे, वर्षभर दुकानात उभं राहून साठवलेले. फोटो पाहताच शेजारचे काका म्हणाले, "काऊन बाप्पा, हे तं तुटेल हाय! अर्ध्या पैशात माग."

माझं भांडण या 'अर्ध्या'शी आहे. जुनी वस्तू घेताना आपण तिच्यात काय नाही ते मोजतो. जे आहे ते चालतं का, हे कुणी पाहत नाही.

अहो, ते डोकं तुटलेलं नाही, मुळातच नाही! नेड स्टाइनबर्गर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९८० च्या सुमारास वरचं डोकं काढून खुंट्या खाली बुडाशी नेल्या. मानेवरचं ओझं गेलं, गळ्यात अडकवलेली गिटार एका बाजूला कलायची थांबली. माहूरला आपण रेणुकेच्या नुसत्या मुखापुढे हात जोडतो. मग नुसत्या धडावर एवढा राग का?

पाहायचंच तर मान पाहा. बंदुकीसारखी डोळ्याशी धरा. किंचित बाक चालेल, पीळ नको. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून ऐका. आवाजाचं बटण फिरवा, खरखरतं का बघा. बुडाच्या खुंट्या शेवटपर्यंत पिळा, त्यांचे आटे झिजतात. आणि तारा कुठल्या लागतात ते विचारा. अशा पुष्कळ गिटारींना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात, त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

अकोल्याला आम्ही हे सगळं केलं. विकणारा पोरगा आधीच ओशाळून म्हणाला, "डोकं नाही, तर थोडे कमी द्या." त्याच्याही आळीत एक काका असणार! एका खुंटीचे आटे गेले होते, तेवढे पैसे कापले. डोक्याचा एक पैसा कापला नाही. गिटार हातात देताना पोरानं तारांवरून एकदा बोट फिरवलं. आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं.

घरी काकांनी किंमत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "बिनडोक!"

कुणाला म्हणाले, ते मी विचारलं नाही.