पेठेची वर्गणी

तालुक्याच्या गावातली बाजारपेठ ओस पडू लागली की मागण्या ठरलेल्या असतात. नगरपरिषदेने रस्ता करावा, शासनाने निधी द्यावा, आमदारांनी लक्ष घालावे. निधी येतो, पेव्हर ब्लॉक बसतात, दिव्यांचे खांब उभे राहतात. दोन पावसाळ्यांनी ब्लॉक उखडले की दुरुस्ती कोणी करायची, हे मात्र कोणीच ठरवलेले नसते.

ब्रिटनमध्येही असेच झाले. ओस पडणाऱ्या बाजारपेठांवरच्या मेरी पोर्टास यांच्या अहवालानंतर २०१२ साली सरकारने पहिल्या १२ ठिकाणांना मिळून १२ लाख पौंड दिले. उत्साह मोठा होता, तरी त्यातल्या अनेक ठिकाणी दुकाने बंद होतच राहिली. एकदाच मिळालेल्या पैशावर पेठ वर्षानुवर्षे चालत नाही.

टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या व्यापाऱ्यांनी वेगळी वाट काढली. रस्त्यावरची ट्राम जाऊन खालून भुयारी रेल्वे सुरू झाली, नवे मॉल उघडले आणि गिऱ्हाईक पांगले. आपणच वर्गणी काढून दिवे, बाके, झाडे लावावीत असे व्यापाऱ्यांनी ठरवले. पण काही जण पैसे देत, काही देत नसत. दिव्यांचा उजेड मात्र सगळ्यांच्याच दारात. ही अडचण आपल्याकडच्या प्रत्येक व्यापारी संघटनेच्या खजिनदाराला पाठ असेल. मग त्यांनी कायद्याचाच आधार मागितला आणि १९७० मध्ये ठरलेल्या हद्दीतल्या सर्वांना वर्गणी सक्तीची झाली. पुढे २००३ च्या कायद्याने इंग्लंडनेही ही पद्धत घेतली. तिथे आधी मतदान होते. मतांची संख्या आणि मालमत्तांचे करपात्र मूल्य, दोन्हींत बहुमत मिळाले तरच वर्गणी लागू होते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. पुढे चालू ठेवायची तर पुन्हा मत मागावे लागते, म्हणून पैशाचा हिशेबही द्यावा लागतो.

पैशाबरोबर गावाला स्वतःची ओळखही लागते. वेल्समधले हे-ऑन-वाय हे छोटे गाव रिचर्ड बूथ यांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळे पुस्तकांचे गाव झाले. तेच उदाहरण समोर ठेवून २०१७ मध्ये पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचे भिलार पुस्तकांचे गाव म्हणून उभे राहिले. योजना शासनाची, पण ग्रामस्थांनी पुस्तकांसाठी आपल्या घरांतल्या खोल्या मोकळ्या केल्या. तेवढ्यामुळेच ती योजना गावाची झाली.

ओळख गावाने घडवावी, पण पैशासाठी महाराष्ट्राच्या नगरपरिषद कायद्यातही पेठेच्या मतदानाची आणि वर्गणीची तरतूद व्हायला हवी. वर्गणीचा पैसा नगरपरिषदेच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता त्या पेठेच्या स्वतंत्र खात्यात राहावा. जी पेठ वर्गणी काढेल, तिच्या रकमेत शासनाने तेवढीच भर घालावी.

मात्र मत फक्त गाळेमालकांना दिले, तर सुशोभीकरणाचा पहिला घाव हातगाडीवाल्यांवर आणि भाडेकरू दुकानदारांवर बसेल. पेठेत गिऱ्हाईक येते ते भाजीवालीमुळे आणि वडापावच्या गाडीमुळेही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावे लागतात. पेठेच्या समितीतही त्यांना जागा हवी आणि भाडेकरूंना मत हवे. कायद्याचा मसुदा करतानाच हे दोन्ही त्यात लिहिले गेले पाहिजे.